दोन बायका, एक चौकट

चूक माझी. आधीच सांगून टाकते, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर निघायला नको.

इथे कोरियात म्योंग घराण्याच्या कचेरीत मी नोकरीला आहे. घराण्याची वंशावळ चौदा खंडांची. ती संगणकात भरून तिचं झाड काढायचं काम माझं. माणशी एक चौकट, तिच्याखाली मुलांच्या चौकटी. पुरुषांना नावं आहेत. बायकांना फक्त माहेर, ‘किम्हेची किम’, म्हणजे किम्हे गावच्या किम कुळातली, एवढंच. पंचवीस पिढ्यांत एका सुनेचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही!

सगळं भरून झालं आणि प्रोग्रॅम विचारायला लागला, हे नाव दोनदा आलंय, माणूस एकच का? असे नऊशे बारा प्रश्न. शंभरेक मी खंड उघडून तपासले. मग कचेरीचे अध्यक्ष खेकसले, ‘‘शरदातल्या पूर्वजांच्या पूजेला छापायचंय बाई, तू काय जन्मभर घोळत बसणार?’’ मी ठरवलं, एकाच नवऱ्याखाली तेच नाव दोनदा असेल तर चुकून दोनदा टाइप झालंय. ‘सगळे एक करा’ दाबलं. पडदा एकदम स्वच्छ झाला. काय खूश झाले होते मी!

पुढच्या वर्षी मे महिन्यात म्योंग दोक-सू आले. एक्क्याऐंशीचे. टोपी काढून दारातच उभे राहिले. हातात आमच्याच झाडाचा छापील कागद होता.

‘‘पोरी, रागावू नकोस. मला दोन आया होत्या ना गं?’’

‘‘आजोबा, ते मला कसं ठाऊक असणार?’’

‘‘तुझ्या कागदावर एकच आहे. म्हटलं, मीच विसरलो की काय.’’

ते सहा वर्षांचे असताना, युद्धात, आई गेली. बात्गोलच्या उतारावर तिला पुरलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं, ती बाईही किम्हेची किमच. तिची कबर शहराजवळच्या दफनभूमीत. आता बात्गोलमधून रस्ता जाणार होता. मार्चअखेर वारसांनी पुरावा घेऊन यावं, नाहीतर कबरी उकरून अस्थी जाळणार, अशी नोटीस लागली. सरकारी नोंदवही युद्धात जळालेली. म्हणून आजोबा आमचा कागद घेऊन सरकारी कचेरीत गेले. कारकुनाने त्यावर बोट ठेवलं. ‘‘तुमच्या आईची कबर शहराजवळ आहे की! एका आईला किती कबरी हव्यात, आजोबा?’’ रांगेतले लोक हसले, आणि आजोबा घरी परतले.

मी अकरावा खंड उघडला. दोन ओळी होत्या. ‘किम्हेची किम. तेविसाव्या वर्षी मृत्यू. कबर बात्गोल, पूर्वेचा उतार.’ आणि खाली, ‘नंतरची पत्नी, किम्हेची किम. कबर शहराजवळच्या दफनभूमीत.’ यंत्राने खालची ओळ ठेवली होती आणि वरची पुसली होती.

‘‘तुम्ही विसरला नाहीत, आजोबा. मी गाढव आहे.’’

‘‘लिहिलंय ना? मग झालं तर.’’ ते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. चेहरा इतका निवांत झाला की मला रडूच फुटलं.

मी प्रत्येक बाईला आतून वेगळा क्रमांक दिला. वर नाव तेच दिसू दे, यंत्राने क्रमांकावरून ओळखावं. तासाभराचं काम! एकोणतीस बायका परत आल्या. नवा कागद छापला, आजोबांना गाडीत घातलं आणि बात्गोल गाठलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

उतार उरलाच नव्हता. सगळीकडे लाल माती. पत्र्याच्या शेडमध्ये अस्थींचे एकेचाळीस कलश मांडलेले. प्रत्येकावर एकच चिठ्ठी: ‘वारस नाही.’

मी मुकादमावर ओरडले, ‘‘पूर्वेच्या उतारावरचा कोणता?’’

‘‘काय माहीत बाई. मजकूर एकच होता, एकदम छापून चिकटवला.’’

‘‘आणि क्रमांक?’’

‘‘बेवारशांना क्रमांक कशाला? विचारायला कोण येतंय?’’

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण कोणत्या तोंडाने देणार?

आजोबांनी पिशवीतून सोजू दारूची बाटली, पेला आणि सुका मासा काढला. पहिल्या कलशापुढे पेला ठेवला, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. दोनदा. मग दुसऱ्यापुढे सरकले.

‘‘आजोबा, एकेचाळीस आहेत हो!’’

‘‘यातलीच एक आहे ना? बाकीच्याही कुणाच्या तरी आयाच असतील.’’

नवव्या कलशापाशी त्यांना उठवेना. मी काखेत हात घालून उभं केलं. ते धापा टाकत होते.

‘‘किती झाले?’’

‘‘नऊ.’’

‘‘नीट मोज पोरी. या खेपेला कुणी गळायला नको.’’