धाकटीचा गळ

सासरे तलावात सावकाश होडी वल्हवत होते आणि दोन्ही सुना मागे बसून पाण्यातून गळ ओढत नेत होत्या. मोठे मासे रात्रीच वर येत. थोरली लग्न झाल्यापासून या होडीत बसत होती, धाकटी अलीकडेच यायला लागली होती. तरी मासा लागायचा तो धाकटीलाच. "हिच्या हाताला गुण आहे," सासरे पुन्हा म्हणाले, तशी थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात धाकटीच्या दोरीला जोराचा हिसका बसला. "ताई, धरा!" ती किंचाळली. थोरलीला मात्र पाण्यातून उसळलेला तो भलामोठा मासाच तेवढा दिसला. तिने सुरी उचलली आणि धाकटीची दोरी कापून टाकली.

"अगं, काय केलंस हे?" सासरे ओरडले.

"बरं झालं कापलीत, ताई," धाकटी रडत म्हणाली. तिने हात कंदिलापुढे धरला. दोरी बोटांभोवती आवळून मांसात रुतली होती. "बोटं गेलीच असती माझी."

"शाबास, सूनबाई! वेळेवर सुचलं तुला," सासरे म्हणाले.

त्यांच्या तोंडून तिचं कौतुक पहिल्यांदाच निघालं होतं. थोरलीने मान खाली घालून धाकटीच्या बोटांना रुमाल बांधला. मासा हिला मिळाला नाही, याचं तिला अजूनही बरंच वाटत होतं.