शक्तीबाबांचे साठ वॅट

सकाळी आठपासूनच रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. आत शक्तीबाबांच्या खोलीत तांब्याचा पत्रा ठोकलेलं लाकडी आसन होतं. आजाऱ्याने त्यावर बसायचं, बाबांनी डोळे मिटायचे, की दोन मिनिटांत आसन गरम! शंकेखोर बसला तर मात्र ढिम्म गार. काय ती पत्र्याला माणसांची पारख! दर तासाने शक्ती ‘ध्यानाला’ जायची. मग दार लागायचं आणि भक्त बाहेर कौतुकाने ताटकळायचे.

कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं काम करणारी एक बाई आईचा हात धरून रांगेत उभी होती, भक्तीने नव्हे, नाइलाजाने. मागच्या खेपेला आसनावर बसून आईचा दुखरा गुडघा जरा हलका झाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, “आता गोळ्या सोडा. गोळ्यांनी शक्ती अडते.” झालं! अकरा दिवस आईने रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. काल दाब एकशे नव्वदवर गेला. आई कुणाचं ऐकेना. शेवटी लेकीने पिशवीत वीज मोजायचं मीटर टाकलं.

आई बसली. बाबांनी डोळे मिटले. सगळे मिटल्या डोळ्यांकडे बघत असताना लेकीने पायाकडे बघितलं. अंगठा गालिचा दाबत होता. गालिच्याखालून निघालेली वायर पडद्यामागे बॅटरीपर्यंत गेली होती.

“ही बॅटरी कशाला, बाबा?” लेकीने पडद्याची कड सरकवून विचारलं.

“देवासमोरच्या दिव्याची, बाळ. देवाला अंधारात ठेवू?”

लेकीने आधी बॅटरी मोजली, बारा व्होल्ट. मग एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडलं. “पाव अँपिअर. बारा गुणिले पाव, तीन वॅट. दिव्यावरही तीनच लिहिलंय. दिवा खरं बोलतो. आता दाबा अंगठा.”

“शक्ती मोजता येत नसते!” बाबा कडाडले.

“आम्ही कारखान्यात रोज मोजतो. व्होल्ट गुणिले अँपिअर, त्यालाच शक्ती म्हणतात.”

बाबांचा अंगठा अचानक भलताच संन्यासी झाला. तेव्हा रांगेतला, आयुष्यभर पायाने मशीन चालवलेला एक शिंपी पुढे आला आणि त्याने गालिच्यावर पाय दिला. “अहो, इथे बटण आहे!”

मीटर पाचवर गेलं.

“बारा पंचे साठ वॅट. त्यातले तीन त्या दिव्याचे. उरलेले सत्तावन्न कुणाच्या बुडाखाली जातात?” तिने हिशेब पुढे नेला. “दिव्याचा पाव वजा केला, राहिले पावणेपाच अँपिअर. बाराला पावणेपाचने भागलं की रोध येतो, साधारण अडीच ओहम. म्हणजे पत्र्याखाली तार आहे. ती विजेला अडवते आणि त्या अडवण्यातच तापते.”

शिंप्याने आईला उठवून आसन उलटं केलं. गुंडाळलेली तार सगळ्यांनी पाहिली. पडद्यामागे आणखी दोन बॅटऱ्या चार्ज होत होत्या. एवढ्या ओढीने एक बॅटरी तासाभरात संपायची, आणि ती बदलायची वेळ म्हणजे ध्यान! बाबांना तेवढ्यात दुसऱ्या गावचं तातडीचं दर्शन आठवलं. पण दारात रांग होती आणि रांगेला आता दर्शन नको, जाब हवा होता.

“पण गुडघा हलका झाला होता गं,” आई पुटपुटली.

“शेकाने होतोच, आई. गरम पाण्याच्या पिशवीनेही झाला असता. पण पिशवी गोळ्या बंद करायला सांगत नाही.” मग ती रांगेकडे वळली. “चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. नमस्काराआधी एवढं विचारा, हे कशाने होतं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

आईने लेकीचा हात घट्ट धरला.

“चल, आधी दवाखान्यात. अकरा दिवस गोळ्या मीच चुकवल्या, हे डॉक्टरांना मीच सांगते.”