कपाटाचं दार

तिने गुडघ्याने कपाटाचं दार अडवून धरलं आणि आत वाकून यंत्राच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक कागदावर उतरवून घेतला. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी अशीच बारा यंत्रं मागवायची होती आणि अर्जात हा क्रमांक लागत होता. लिहून झाल्यावर तिने सवयीने शेजारच्या लॅपटॉपकडे पाहिलं. चुकांचा आकडा एरवी तीन टक्क्यांच्या आसपास असायचा. तो सात होता. बघता बघता नऊ झाला, मग अकराच्या पुढे गेला आणि लाइन आपणहून बंद पडली.

तिने दार लावलं. चार-पाच मिनिटांत आकडा खाली आला, लाइन सुरू झाली. तिने दार उघडलं. लाइन बंद. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिचं लक्ष पायांकडे गेलं. तळघराच्या बोळात नुकतंच वातानुकूलनाचं नवं यंत्र बसवलं होतं. त्याचा गरम झोत तिच्या घोट्यांवरून थेट कपाटात शिरत होता आणि आत गुंडाळून ठेवलेली केसाएवढी काचेची तार त्या झोतात थरथरत होती.

ती तिथेच फरशीवर बसली. बॅटरीमामांना कामावरून काढून तीन आठवडे झाले होते.

मामा म्हणजे या तळघराच्या किल्ल्या सांभाळणारे, साठीला टेकलेले, कंत्राटावरचे. भर दिवसा, सगळे दिवे चालू असतानाही हातात बॅटरी घेऊन फिरायचे, म्हणून बॅटरीमामा. आणि लाइन म्हणजे दोन कचेऱ्यांच्या मध्ये जमिनीखालून गेलेली ही काचेची तार. तिच्यातून प्रकाशाचे कण एकेक करून जायचे, त्यांच्यावरून दोन्ही टोकांना एक गुप्त किल्ली तयार व्हायची, आणि पुढचे सगळे निरोप त्या किल्लीने कुलूपबंद. वाटेत कुणी चोरून पाहिलं तर कण बिघडतो आणि बिघाड मोजता येतो, एवढीच काय ती जादू. गोची अशी की कण उष्णतेनेही बिघडतो, तार हलल्यानेही बिघडतो, आणि आपल्याला कुणी बिघडवलं हे काही तो सांगत नाही. म्हणून या विद्येचा एक दंडक आहे. दिसेल ती प्रत्येक चूक चोराच्या नावावर टाकायची. चुका अकरा टक्क्यांवर गेल्या की चोर आहेच असं धरायचं आणि किल्ली फेकून द्यायची. संशय घेण्यात कंजूषपणा करायचा नाही. कागदावर हा दंडक फार देखणा दिसतो. कागदावरच्या चोराला घरदार नसतं आणि त्याचे गुडघे दुखत नाहीत.

लाइन दिवसा चालवायला सुरुवात झाली ती गेल्या महिन्यात. त्याआधी चाचण्या संध्याकाळीच होत. दिवसा चालू झाली आणि रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडू लागली. तिने अहवाल केला, आलेख काढला, आणि दंडकाप्रमाणे शेवटच्या रकान्यात चोराच्या हाती किती गेलं त्याचा आकडा भरला. जगभर असंच करतात. पण अहवाल सुरक्षा विभागाकडे गेला आणि त्यांना जगभर काय करतात याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी तो रकाना वाचला आणि तळघराची नोंदवही मागवली. रोज दोन दहाला एकच सही, मामांची. नऊ दिवसांत एकदाच लाइन थांबली नव्हती, आणि त्या दिवशी मामा रजेवर होते. मामांना काढलं त्या दिवसापासून आजपर्यंत ती एकदाही थांबली नव्हती. इतका स्वच्छ पुरावा तिने आयुष्यात कुठल्या प्रयोगात पाहिला नव्हता. बातमी कळली तेव्हा तिनेही मान डोलावली होती.

ती जिना चढून वर गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर फळ्यासमोर उभे होते. एका जाडजूड ग्रंथासाठी ते ‘न सुटलेले प्रश्न’ या नावाचं प्रकरण लिहीत होते आणि त्याची यादी फळ्यावर होती. कण वाटेत हरवतात. दोन कण हुबेहूब सारखे बनवता येत नाहीत. पलीकडच्या टेबलावर प्रकाशावर चालणारा संगणक करू पाहणारी दोन मुलं तीन वर्षं त्याच एका गोष्टीला डोकं लावून बसली होती. कण मोजणाऱ्या यंत्राचे डोळे झगझगीत उजेडाने दिपवता येतात. प्रयोगशाळेत जे जे फसेल त्याची रवानगी सर या यादीत करत. तिथे गेलं की त्याची लाज वाटेनाशी व्हायची.

तिने कपाटाचा सगळा प्रकार सांगितला. सरांचा चेहरा उजळला. चोर कोणता आणि गोंगाट कोणता हे ओळखायचं कसं, हा तर फार मूलभूत प्रश्न आहे, असं म्हणत त्यांनी तो फळ्यावर लिहिलासुद्धा. उदाहरण हातात असलं की प्रकरणाला वजन येतं, असंही म्हणाले.

“आणि मामांचं काय?” तिने विचारलं.

सरांनी खडू ठेवला आणि बोटं झटकली.

“दुसऱ्या टप्प्यावर सही होऊ दे. एक महिना. मग बघू काय करता येतं ते.”

“ते चोर नाहीत, सर.”

“मी कधी म्हटलं आहेत म्हणून? आपल्या अहवालात कुणाचं नाव आहे का?”

अहवालात नाव नव्हतं हे खरंच होतं. दुसरा टप्पा मंजूर झाला तो लाइनीने चोर पकडून दाखवला म्हणून, हेही खरं होतं. सर काही वाईट माणूस नव्हते. मामा दिसले की आवर्जून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. तिला त्यांचा राग आला, आणि आपण खाली मान घालून टेबलाशी जाऊन बसलो याचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी ती सरांना न सांगता सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली. तो तिशीतला, नीटनेटका, अगदी अदबीने बोलणारा होता. दाराचं आणि गरम हवेचं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मामांची फाइल तिच्यापुढे सरकवली.

पहिल्याच पानावर मामांचा जबाब होता, गोल गोल अक्षरात. कपाट रोज उघडत होतो हे कबूल आहे. मॅडमनी सांगितलं आहे की जेवण झालं की दार उघडून आतला उष्णतेचा काटा बघायचा आणि लिहून ठेवायचं. म्हणून उघडत होतो. दुसरं कारण नाही.

मॅडम म्हणजे ती.

पुढच्या पानावर तिला पाठवलेली मेल छापून लावली होती. कपाट उघडायला तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, असा एका ओळीचा प्रश्न. त्याखाली तिचं उत्तर, एका शब्दाचं. नाही.

मेल तिला आता आठवली. ती परिषदेला गेली होती, दोन भाषणांच्या मध्ये लिफ्टची वाट बघत उभी होती, एका हातात कॉफी होती. लिफ्ट यायच्या आत तिने उत्तर देऊन टाकलं होतं. आणि मग दुसरीही गोष्ट आठवली, अकरा महिन्यांपूर्वीची. आपोआप तापमान नोंदवणारं यंत्र यायला उशीर होत होता, म्हणून तिने कपाटात साधा काटा टांगला होता आणि जाता जाता म्हणाली होती, मामा, दुपारी जरा डोकावत जा. पंधरा दिवसांत नवं यंत्र आलं. आता पुरे, हे मामांना सांगायचं राहून गेलं. फाइलच्या शेवटी मामांची वही जोडलेली होती. तारीख, वेळ, अंश, पट्टीने आखलेल्या ओळींत. अकरा महिन्यांत ती वही तिने कधी मागितली नव्हती.

अधिकारी म्हणाला की तिने लेखी दिलं तर मामांच्या कागदावरचा ‘सुरक्षेच्या कारणावरून कमी केले’ हा शेरा काढता येईल. जागा तर आता दुसऱ्याला दिली होती. पण तो शेरा असेपर्यंत मामांना कुणी गोदामाच्या फाटकावरसुद्धा उभं करणार नाही, आणि या तीन आठवड्यांत दोन ठिकाणांहून मामांबद्दल विचारणाही येऊन गेली होती. मग त्याने पेन बंद केलं.

“तुम्ही ‘नाही’ असं उत्तर का दिलंत, तेही लिहावं लागेल. विसरला असाल तर विसरले लिहा. माणूस विसरतो. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल, तर मात्र तुमच्यावर कारवाई करावी लागेल.”

त्या संध्याकाळी तिने दहा ओळींचं पत्र लिहिलं. सूचना माझी होती, ती दिल्याचं मी विसरले, श्रीयुत अमुक अमुक यांचा काही दोष नाही. खाली सही केली. सरळ नेऊन द्यायला हवं होतं, पण आधी मामांना दाखवावं असं तिला वाटलं. त्यात थोडा स्वार्थ होता. पत्र वाचून मामा काहीतरी बरं बोलतील अशी तिला आशा होती.

सुटीच्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. दार मामींनी उघडलं. तिला ओळखल्यावर त्या बाजूला झाल्या, पण या म्हणाल्या नाहीत. मामा खिडकीशी बसले होते. ते घाईने उठले, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि पहिला प्रश्न विचारला तो लाइनीबद्दल. आता चालते ना नीट? ती हो म्हणाली, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. गरम हवा, तार, दार. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. मामा ऐकत होते. जे होतंय ते माझ्यामुळेच होतंय, हे कळत होतं हो, ते म्हणाले, पण कसं ते समजत नव्हतं.

तिने पत्र पुढे केलं. मामांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मामी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. चौथ्या ओळीशी बोट थांबलं.

“विसरले म्हणजे?”

“खरंच विसरले होते, मामा. त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“अकरा महिने रोज जात होतो मी.”

“हो.”

“अंगात ताप असतानापण गेलोय.”

ती म्हणाली की तिला फार वाईट वाटतंय. हे वाक्य तिने जिना चढताना जुळवलं होतं आणि तेव्हा ते बरं वाटलं होतं. मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग ते हळूहळू बोलू लागले, तिच्याकडे न बघता. तीन आठवडे ही घरात तुमच्या नावाने बोटं मोडतेय. मी म्हणायचो, तसं नाही, बाईंना नाही म्हणावंच लागलं असणार. नोकरी आहे, लहान मूल आहे, वरून दटावलं असेल कुणीतरी, घाबरल्या असतील. जावयालाही तेच सांगितलं, खालच्या मजल्यावर सगळ्यांना तेच सांगितलं. खोटं बोलावं लागतं माणसाला. त्याचा मला राग नव्हता.

त्यांनी पत्र तिच्याकडे वळवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“एवढं बदलून द्याल का? विसरले नको. घाबरून नाही म्हणाले, असं लिहा.”

“पण शेरा दोन्हीनं जाईल, मामा. आणि तसं झालं नव्हतं.”

“शेरा जाईल हो. पण तुम्हाला आठवतच नव्हतं, तर मी रोज कुणासाठी जात होतो?”

चौकटीत उभ्या मामी आता तिच्याकडे बघत होत्या. तिने ती ओळ पाहिली. एक शब्द खोडायचा आणि तीन लिहायचे, एवढंच काम होतं. तिला त्या अधिकाऱ्याचं नीट बंद केलेलं पेन दिसलं, महिनाअखेरीस नव्याने व्हायची असलेली आपली नेमणूक दिसली, आणि आपण काय बोलतोय हे कळायच्या आत ती बोलून गेली,

“तसं लिहिलं तर माझी नोकरी जाईल, मामा.”

मामा तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. त्यांनी पत्र होतं तसं दुमडलं, घडीवरून नख फिरवलं आणि तिच्या हातात परत दिलं.

“हां,” ते म्हणाले, आणि बायकोकडे वळले. “बघ. मी काय सांगत होतो तुला?”

तसं नाही, हे सांगायची हीच वेळ होती. आजची भीती आजची आहे, तेव्हा मी नुसती लिफ्टची वाट बघत होते, असं सांगायला हवं होतं.

मामींनी पदराने हात पुसले आणि त्या आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला.

“बसा मॅडम, बसा,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. “नोकरीला कोण घाबरत नाही? चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

ती बसली.