चिपाडाच्या राखेची वीट

चिपाडाच्या राखेची वीट मशीनमध्ये घालून दाबली की आमचे हे बुटके होतात. विटेला साधा ओरखडाही पडत नाही.

पहिल्यांदा दाबली त्या संध्याकाळी घरी गेले, तर यांचा पायजमा जमिनीवर लोळत होता. "कापड सैल झालंय," ते म्हणाले. कापड धुतल्यावर आटतं, वाढत नाही, हे सांगून मी थकले. दुसऱ्या चाचणीनंतर खुंटीवरचा सदरा त्यांच्या हाताला येईना. आता भिंतीवरचा फोन घ्यायला ते स्टुलावर चढतात, आणि स्टुलावर चढायला आधी पाटावर. वर मलाच म्हणतात, "एवढं काय मनाला लावून घेतीस?"

मी बांधकामाच्या मालाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. सिमेंटला पर्याय म्हणून लोक काय वाटेल ते घेऊन येतात. भाताची तुसं, नारळाचा काथ्या, वितळवलेल्या पिशव्या. मी ते तोडते आणि किती भाराला तुटलं ते सांगते. ही वीट मात्र आमच्या उमराणी साहेबांची स्वतःची. साखर कारखान्यातली चिपाडाची राख, चुना आणि बांबूचे धागे. तिची घरं गावाबाहेर बांधूनही झाली, उद्या लोक राहायला येणार. वीट तुटल्याशिवाय तिची ताकद कळत नाही, आणि वीट तर तुटत नाही. म्हणजे उद्या लोक कशाच्या भरवशावर झोपणार हे कोणालाच ठाऊक नाही.

वीट पाडली त्या दिवशी मिक्सर बंद पडला होता. हे मला डबा द्यायला आले होते. "त्यात काय, चिखल तुडवायचं आमच्या हाडातच हाय," म्हणाले, पायजमा वर खोचला आणि अनवाणी सगळा माल तुडवून दिला. साचा भरल्यावर वरून एक पाय दाबलाही. विटेवर त्यांची टाच आणि पाची बोटं स्पष्ट उमटली आहेत. मी ती पुसायला निघाले, तर साहेबांनी पुसू दिलं नाही. नमुना जसा पडला तसाच तपासायचा, हा आमच्याकडचा नियम.

आज सकाळी मी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"तुमचे नेमगोंडा किती बुटके झाले?" त्यांनी विचारलं.

"आधी दारातून वाकून यायचे. आता माझ्या कमरेला लागतात."

"म्हणजे भार जातोय कुठंतरी," साहेब खूश झाले. "उत्तम. तोडा, चौगुले बाई."

"तुटली तर यांचं काय होईल?"

"ते आपल्या अहवालात येत नाही."

"मग दुसरी वीट घेते."

"नमुना बदलला की चाचणी खोटी."

माझं डोकं फिरलं. घरी एक धडधाकट माणूस पाटावरून स्टुलावर चढतोय, आणि साहेबांना चाचणीच्या खरेपणाची पडली आहे. रागारागाने मी वीट उचलली, आणि उचलताना सुचलं. दाबल्यावर बुटके होतात, तर ओढल्यावर उंच व्हायला हवेत.

वीट ताण द्यायच्या मशीनकडे नेली. साहेबांची हरकत नव्हती. ओढून का होईना, तुटली म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही टोकं पकडीत आवळली, घरी फोन लावला, तो कान आणि खांद्यामध्ये धरला आणि चाक फिरवायला लागले.

"अहो, काही फरक?"

"स्टुलावर डोकं छताला लागंल असं वाटतंय."

"मग उतरा खाली."

"उतरलो. अगं, जमिनीवरनं फोन पुरतोय की."

"सदरा?"

"घेतला."

"आणि दार?"

"वाकाय लागतंय बघ आता. बास कर."

मी थांबले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला, आणि डोळ्यांत पाणीच आलं. हळूहळू ताण सोडायला गेले, तर ते म्हणाले, "अगं, परत खाली चाललो." पुन्हा थोडा वाढवला. आता सोडताही येईना आणि वाढवताही येईना, नुसतं चाक धरून उभी राहिले.

तेव्हा विटेवर केसाएवढी चीर दिसली. टाच एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. साहेबांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं.

"आली," ते म्हणाले. "आता सोडू नका, बाई."

"अहो," मी फोनवर म्हणाले, "काही होतंय का तुम्हाला?"

"काय न्हाई. दूध ठेवलंय गॅसवर, तेवढं बघून येतो."

"दूध गेलं खड्ड्यात. जागचे हलू नका."

"बरं."

फोनमधून चपलेचा आवाज आला, स्वयंपाकघराकडे जाणारा. एकाच पायातल्या चपलेचा. मग गॅसचं बटण खट्कन बंद झालं.

"काय सांगितलं मी?" माझा आवाज चढला. "हलू नका म्हटलं होतं ना?"

"हललोय कुठं?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "हितंच उभा हाय."