ब्रेंडाचा जबाब

पोलीस ठाण्याच्या बाकावर पेट्रोना बसली होती, दाराच्या सगळ्यात जवळच्या टोकाला. धाडस वगैरे काही नव्हतं तिच्यात, उगाच कुणी समजू नये.

कोंबड्या कापायच्या कारखान्यात मुकादम रॉयने तिला शीतगृहात गाठलं, आणि ती ओरडली तेव्हा दंडावर सुरी चालवली. पोलीस आले, नाव विचारलं. तिने छातीवरच्या बिल्ल्यावरचं सांगितलं, ब्रेंडा सालास. तिथे अर्धी पाळी उसन्या नावांवर उभी असते. ग्वातेमालाची पेट्रोना पास्कुआल कुणाला ठाऊकच नाही. सवय इतकी अंगात मुरलेली, की रक्त वाहत असतानाही खरं नाव तोंडातून निघालं नाही.

मग वकीलबाई म्हणाल्या, कागद नसले तरी गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडिताला इथे अमेरिकेत राहायचा व्हिसा मिळू शकतो. तशी मदत झाली, हे पोलिसांनी सही करून द्यायला हवं. करायची की नाही, ते त्यांच्या मर्जीवर. पण कागदोपत्री मदत केली ब्रेंडाने. जिचे कागद उसने घेतले, ती खरी ब्रेंडा टेक्सासात. पोलिसांनी फोन केला, तर ती म्हणाली, मला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. आता खटला बंद होणार आणि रॉय पुन्हा पाळीवर येणार.

"चल घरी," शेजारी बसलेली कान्देलारिया मावशी कुजबुजली. "उसन्या कागदांवर राबले, हे आपणहून सांगणार? आधी तुरुंग, मग विमान. तुझ्या पोराला कोण बघणार? मी? माझे गुडघे बघितलेस?"

"गप्प बस गं. आधीच पोटात गोळा आलाय."

"मग तेच सांग. पोट दुखतंय म्हण नि ऊठ."

पेट्रोना उठली खरी. पण रॉय सुटला तर घर सोडूनच पळावं लागेल, आणि पळून जाणार तरी कुठे? ती चौकशीच्या खिडकीपाशी गेली.

"नाव?" खिडकीमागच्या पोलीसबाईने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

"पेट्रोना पास्कुआल." आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ब्रेंडा सालास म्हणून जबाब दिला, तीही मीच."

पोलीसबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, फोन उचलला आणि इंग्रजीत काहीतरी बोलली. आतला दरवाजा उघडला.

"या. एकट्याच."

मावशीने तिची बाही घट्ट धरली. पेट्रोनाने ती सोडवली आणि घराची किल्ली मावशीच्या मुठीत कोंबली.

"शाळेची बस कोपऱ्यावर थांबते," ती म्हणाली. "पोराला काही विचारू देऊ नकोस. आधी जेवायला घाल."