बाडमेरची धूळ

“बाबा, अजून माती लावायची राहिलीय?” योगिनीने फोनवर विचारलं.

“माती नाही गं, धूळ. बाडमेरची,” राजेंद्र तांबे म्हणाले आणि रुपयाएवढ्या चाकावरून कोरडा ब्रश फिरवत राहिले.

आई गेल्यापासून वडिलांचा दिवस सरत नाही म्हणून लेकीने पुण्याहून खोका पाठवला होता. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायची बोटभर लष्करी मोटरसायकल. राजेंद्रनी फौजेत असताना राजस्थानात, बाडमेरला आठ वर्षं अशाच गाडीवरून पलटणीचं टपाल पोचवलं होतं. जोडणी आणि हिरवा रंग चार दिवसांत उरकला; गाडी वापरलेली दिसायला मात्र तीन आठवडे लागले. रत्नागिरीची लाल माती उपयोगाची नव्हती, तिकडची वाळू फिकी. मग त्यांनी खडू किसून त्यात चिमूटभर राख मिसळली. स्वाराच्या गुडघ्यांनी टाकीचा रंग जिथे उडायचा, तिथे पेन्सिलीचं शिसं चोळलं. मागच्या डाव्या पायटेकीवर तर हिरवा रंग दिसूच दिला नाही. मागे बसणारा रामा तिच्यावर बूट आपटत गाणी म्हणायचा. ही गाडी बघताक्षणी ओळखणारा तो एकटाच होता. गेल्या वर्षी खेडला वारला.

सोमवारी राजेंद्र रक्तदाब तपासून घरी आले, तर दार उघडं. शेजारच्या दमयंतीबाईंकडे बायको विमला होती तेव्हापासून घराची किल्ली असायची. त्या कालवण ठेवायला आल्या होत्या. हातात ओलं फडकं.

“भाऊ, गाडीवर केवढी ती धूळ बसलेली. साबणाच्या पाण्याने पुसली. काळे डाग जाता जात नव्हते, पण सोडले नाय मी.”

टेबलावर गाडी हिरवीगार चमकत होती. राजेंद्रनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पायटेकसुद्धा हिरवी.

“काय झालं? मोडलं काय माझ्या हातून?”

“नाही नाही. छान पुसलीत,” ते म्हणाले. “बसा, चहा टाकतो.”

“नको, कुकर लावून आलेय.” त्या समाधानाने गेल्या.

संध्याकाळी योगिनीचा व्हिडिओ कॉल आला. राजेंद्रनी फोन गाडीवर धरला.

“अरे वा, एकदम नवी कोरी! धूळ नाही लावलीत?”

“अजून कुठे बाहेरच पडली नाही ती,” ते म्हणाले.

योगिनी बोलत राहिली. त्यांनी फोन तसाच गाडीवर धरून ठेवला. स्वतःकडे वळवला नाही.