पाहावा की टाळावा

तिनं तोंडावर रुमाल दाबला, पण हसू निसटलंच. पडद्यावर मुख्याध्यापकांचा टोप पंख्यात अडकला होता आणि वर्गातली चाळीस पोरं माना वर करून तो गरगरताना बघत होती. अठरा वर्षं वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहिणारी ही बाई असल्या फालतू विनोदाला हसते, म्हणून पत्रकारांसाठीच्या त्या खेळाला शेजारी बसलेला रेडिओवाला समीक्षक चमकून तिच्याकडे बघायला लागला. तिला स्वतःचाच राग आला. ती आज हसायला आली नव्हती, उट्टं काढायला आली होती.

सिनेमाचा दिग्दर्शक शाळेत तिच्याच वर्गात होता. नववीत आरोग्य तपासणीच्या दिवशी सभागृहात सगळ्यांची वजनं घेतली. नर्स आकडा सांगायची आणि वर्गप्रमुख म्हणून हा तो वहीत लिहायचा. ती काट्यावर चढली तेव्हा यानं वही बाजूला ठेवली, प्रार्थनेचा माइक उचलला आणि तिचं वजन अख्ख्या शाळेला ऐकवलं. वर, "आता काटा दुरुस्तीला पाठवावा लागेल," अशी पुस्तीही जोडली. त्यानंतर दहावी संपेपर्यंत सगळे तिला क्विंटल म्हणत. पुढे ती वाळून काडी झाली, लग्न झालं, आडनाव बदललं. डूख मात्र तिनं जिवापाड जपला होता. एरवी असले सिनेमे ती शिकाऊ वार्ताहरांच्या गळ्यात मारायची. हा तिनं संपादकांकडून मागून घेतला होता.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आलाच. तेच सभागृह, तोच काटा, गुटगुटीत मुलगी. फक्त माइक होता एका दांडगट पोराच्या हातात. सिनेमाचा नायक धावत आला, त्यानं माइक हिसकावला आणि स्वतः काट्यावर चढून स्वतःचं वजन ओरडून सांगितलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या. रेडिओवाल्यानं नाक पुसलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पुन्हा थट्टा केली असती तर तिनं एक वेळ गिळून टाकलं असतं. पण हा गडी तिच्या अपमानावर स्वतःचा सत्कार करून घेत होता.

सिनेमा सुटला तेव्हा दिग्दर्शक दाराशीच उभा होता. बाजूला एक अंग चोरून उभी असलेली मुलगी होती.

"मॅडम, तुम्ही हसलात हं! मी मागून बघत होतो."

"हसले. टोपाला."

"आणि काट्याचा सीन?"

"तो कुठून सुचला?"

"सुचला कुठला! माझ्याच शाळेत घडलंय. तो हिरो म्हणजे मी." त्यानं मुलीच्या पाठीवर थाप मारली. "माझी लेक. आता नववीत आहे. हिला लहानपणापासून ही गोष्ट सांगत आलोय. माणसानं कसं वागावं ते कळायला नको?"

मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

"दोन ओळी बऱ्या लिहा, एवढंच," तो म्हणाला. तो थेट तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता आणि त्याला काहीही आठवत नव्हतं.

कचेरीत येऊन तिनं आधी सिनेमाची सालटी काढली. पाचशे शब्द झाले. मग सगळे खोडले. समीक्षकांनी नाकं मुरडली की असले सिनेमे दुप्पट चालतात, हे ती जाणून होती. तिनं नव्यानं लिहायला घेतलं आणि या वेळी खरं तेच लिहिलं. विनोद पोरकट आहेत, तरी हसू येतं. टोपाचा प्रसंग झकास. तीन तारे. पाहावा. आणि शेवटी चार वाक्यं: "काट्याचा प्रसंग खरा आहे, असं दिग्दर्शक सांगतात. त्या दिवशी माइक हिसकावून घेणारं कुणी नव्हतं. माइक त्यांच्याच हातात होता. मी काट्यावर उभी होते."

संपादकांनी तिला आत बोलावलं.

"हे शेवटचं खरंय?"

"किलोसकट सांगू?"

"तो अंगावर येईल."

"येऊ दे. समोर तीनशे पोरं बसली होती. त्यांच्यातला एक जरी उठून मी खोटं बोलतेय म्हणाला, तर मी लिहिणं सोडते."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "जाऊ दे छापायला," ते म्हणाले.

छापून आल्यावर दिवसभर फोन खणखणत होता. वर्गातल्या तिघांनी माफी मागितली, एकानं तर रडून. दिग्दर्शकाचा मात्र आला नाही. त्याच्यासाठी तिनं वाक्यं घासूनपुसून तयार ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बारीक आवाज आला.

"मी... त्या दिवशी बाबांबरोबर होते ना, ती."

ती सावरून बसली.

"बाबा म्हणतात, तुम्ही प्रसिद्धीसाठी खोटं लिहिलंत."

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही सांगा ना. नीट."

तिनं सांगितलं. माइक, आकडा, पुस्ती, त्याचं ते मान मागे टाकून हसणं. एकही गोष्ट तिनं वगळली नाही. फोनवर चौदा वर्षांची पोर आहे हे तिला कळत होतं आणि तरीही सांगताना तिला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी तिनं घातलेला घाव अगदी वर्मी बसला होता.

सांगून संपल्यावर तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"रडतेयस का?" तिनं विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "मला वाटायचं, बाबा फक्त माझ्याशीच असे वागतात."

तयार ठेवलेल्या वाक्यांतलं एकही या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं. तिनं उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि परत फोनपाशी आली.

"बोल," ती म्हणाली. "मला घाई नाही."